टोरेस : तेतुआनचे एक मुस्लिम घराणे

पाटील, देशमुख, इनामदार. नुसत्या आडनावावरून समोरचा हिंदू की मुसलमान, हे आपल्याकडे सांगता येत नाही. पण टोरेस म्हटले की मुसलमान डोळ्यांपुढे येतो का? आठवतो तो २००८ च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर एकमेव गोल करणारा फर्नांडो टोरेस. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीला १६०६ मध्ये तिथून गेलेल्या लुईस वाएझ दे टोरेस या कप्तानाचे नाव आहे. शब्दाचा अर्थ साधाच : मनोरे, बुरूज.

मोरोक्कोतील तेतुआन शहरात मात्र टोरेस हे अंदलुसी मुस्लिम घराण्याचे नाव आहे.

१४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. दहा वर्षांत कॅस्टिलच्या राज्यातील मुसलमानांपुढे दोनच वाटा उरल्या : बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. जे राहिले त्यांना ख्रिस्ती नावे मिळाली. १५६७ मध्ये अरबी भाषा, पोशाख, हमाम आणि अरबी नावांवरही बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नून्येझ मुले या वृद्ध ग्रॅनडावासीयाने सरकारदरबारी अर्ज केला : आडनावे गेली तर कोण कोणाचा हे कळणार नाही, घराणीच बुडतील. अर्ज कोणी मनावर घेतला नाही. पुढे १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढण्यात आले. समुद्रापलीकडे मुहंमद, अहमद ही नावे उघडपणे घेता आली. पण अनेकांची स्पॅनिश आडनावे तशीच राहिली. रबातचे बरगाश घराणे मूळचे वर्गास, असे मानले जाते.

१९०६ मध्ये मोरोक्कोचे भवितव्य ठरवायला युरोपातील सत्ता स्पेनच्या अल्जेसिरास गावी जमल्या. सुलतानाचे प्रतिनिधी होते हाजी मुहंमद टोरेस. अध्यक्षस्थानी स्पेनचे ड्यूक ऑफ अल्मोदोवार. आता गंमत पाहा : अल्मोदोवार हे नाव अरबी ‘अल-मुदव्वर’, म्हणजे गोल, यावरून आलेले, अल्जेसिरास म्हणजे ‘अल-जझीरा’, बेट. मुसलमानाचे आडनाव स्पॅनिश, स्पॅनिश सरदाराची पदवी अरबी, आणि गावाचे नावही अरबीच! गंमत तेवढीच. परिषदेने मोरोक्कोचे बंदर-पोलीस फ्रान्स आणि स्पेनच्या देखरेखीखाली दिले. सहा वर्षांत तेतुआनवर स्पेनचा अंमल आला.

त्या अंमलाविरुद्ध तेतुआनमध्ये जे उभे राहिले त्यांत पुढे होते अब्दुलखालिक टोरेस. जन्म तेतुआनचाच, १९१० चा. १९३६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय सुधारणा पक्ष काढला. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला, तेव्हा माद्रिदला राजदूत म्हणून पाठवले गेले ते हेच टोरेस.