अमेरिकेत व्यवसाय किंवा मंडळ चालवताय? मग तुमचा टॅक्स फॉर्म कोणता?

अमेरिकेतले मराठी उद्योजक आणि मंडळांचे खजिनदार, ही पोस्ट सेव्ह करून ठेवा. (तारखा कॅलेंडर वर्षाप्रमाणे.)

🔹 एकट्याचा व्यवसाय: फॉर्म १०४० सोबत शेड्यूल सी. १५ एप्रिल.

🔹 भागीदारी: फॉर्म १०६५. १५ मार्च. भागीदारी स्वतः आयकर भरत नाही. प्रत्येक भागीदाराला के-१ मिळतो आणि तो आपला वाटा स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतो.

🔹 एलएलसी: हिच्यासाठी वेगळा फॉर्मच नाही! वेगळा पर्याय निवडला नसेल, तर एकच मालक असल्यास शेड्यूल सी आणि जास्त असल्यास १०६५.

🔹 एस कॉर्पोरेशन: ११२०-एस. १५ मार्च. हा दर्जा फॉर्म २५५३ भरून घ्यावा लागतो. अमेरिकेचा नागरिक किंवा कर-रहिवासी नसलेला, भारतातला भाऊ यात भागधारक होऊ शकत नाही.

🔹 सी कॉर्पोरेशन: ११२०. १५ एप्रिल. नफ्यावर सरसकट २१ टक्के.

🔹 ना-नफा संस्था: ९९० मालिका. १५ मे. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ऑनलाइन ९९०-एन पुरतो. २ लाखांपेक्षा कमी जमा आणि ५ लाखांपेक्षा कमी मालमत्ता असेल तर ९९०-ईझेड. त्यापुढे पूर्ण ९९०. खाजगी फाउंडेशनसाठी ९९०-पीएफ.

⚠️ सलग तीन वर्षं ९९० भरला नाही, तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. कार्यकारिणी बदलते तेव्हा हे हमखास निसटतं. म्हणून नव्या खजिनदाराकडे हिशेबासोबत आयआरएसचा पत्रव्यवहारही सोपवा.

मुदतवाढ फॉर्म भरायला मिळते, कर भरायला नाही.