पिकलबॉल शिकायचा आहे, पण कुठे आणि कोणाकडे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी चहा पिताना माझ्या थोरल्या लेकीनं जाहीर केलं, "अम्मी, मला पिकलबॉल शिकायचा आहे." मी विचारलं, "हे कुठलं नवं लोणचं?" ती हसली नाही, तेव्हा मला कळलं की मामला गंभीर आहे.

सातवीपर्यंत ती शाळेच्या खो-खो संघात होती. आठवीत खेळणं सुटलं. कुणी मनाई केली नव्हती. आपल्या घरांत मुलींचा खेळ सहसा कुणी बंद करत नाही, तो आपोआप बंद होतो. आधी ट्यूशनची वेळ आडवी येते, मग ओढणी, मग "आता मोठी झालीस" हे वाक्य. माझाही तसाच बंद झाला होता. त्यात मार्चमध्ये माझी साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं काहीतरी करा. चालायला जाते म्हणून मी दोन वर्षं स्वतःला फसवत होते. शेवटी ठरवलं, लेकीसोबत आपणही शिकायचं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी सुट्टीत कंटाळलेल्या घरच्यांसाठी तो जुळवला. घरामागे बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण रॅकेटी धड सापडेनात. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला आणि जाळी हळूहळू खाली आली. भारतात तो रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जातं. त्यांनी कॅनडात हा खेळ पाहिला होता, आणि २००८ साली ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. पुढे बरीच वर्षं तो मोजक्या लोकांपुरता राहिला. आता मात्र आमच्या कोंढव्यापासून बाणेरपर्यंत टर्फवर आणि सोसायट्यांच्या आवारात निळी-हिरवी कोर्टं दिसू लागली आहेत. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, तिच्यात पुण्याचाही संघ होता. लेकीच्या डोक्यात हे वेड तिथूनच शिरलं.

तर आम्ही शोध सुरू केला आणि पहिला धडा मिळाला. कोर्ट मिळणं आणि शिकवणारा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेओ, हडल अशा ॲपवर जवळचं कोर्ट तासाच्या हिशेबानं बुक करता येतं. पण तिथे तुम्हाला मिळते ती जागा. बॅट हातात घ्यायची आणि आपलं आपण टोलवायचं. हा खेळ पहिल्या अर्ध्या तासात जमल्यासारखा वाटतो, म्हणून बरेच जण शिकायला जातच नाहीत. मग चार महिने तेच खेळत राहतात आणि मनगट दुखतं म्हणून सोडून देतात.

आम्ही एका अकादमीत नाव घातलं. तिचं नाव लिहीत नाही. मुलींची वेगळी बॅच, आठवड्यातून तीन दिवस, पैसे तीन महिन्यांचे एकदम. मी भरले. इथे माझं चुकलंच. वर्ग न पाहता आपण मुलाला शाळेत घालत नाही, पण खेळाच्या बाबतीत माहितीपत्रकाचा रंग पाहून पैसे देतो. पहिल्या आठवड्यात एका कोर्टावर अकरा जणी होत्या. चौघी खेळायच्या आणि सात जणी जाळीच्या खांबाशी उभ्या राहायच्या. सर बादलीतून एकेक चेंडू फेकायचे आणि "व्हेरी गुड" म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात सर बदलले.

तेही चाललं असतं. पण एका रविवारी मिरजेहून नणंदेचा फोन आला. आमच्या आपा सहसा सलामनंतर तब्येत विचारतात, त्या दिवशी थेट म्हणाल्या, "भाभी, मुलीचा व्हिडिओ फिरतोय, माहीत आहे का?" अकादमीनं इन्स्टाग्रामवर जाहिरातीचं रील टाकलं होतं. त्यात माझी लेक चेंडू मारताना अगदी जवळून दिसत होती, खाली दोन-तीन घाणेरड्या प्रतिक्रिया. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तिलाही नाही.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते बऱ्याच घरांत होतं. यांचं म्हणणं, आता पुरे. दादी, म्हणजे माझ्या सासूबाई, गप्प. लेक आतल्या खोलीत. मला रागही यांचाच आला, कारण चूक अकादमीची आणि शिक्षा पोरीला. मी एवढंच म्हटलं, "शाळेत एखाद्या शिक्षकानं चूक केली तर आपण शाळा बदलतो, शिक्षण बंद करत नाही." हे काही बोलले नाहीत. मग दादी म्हणाल्या, "जागा बदला. पोरगी खेळेल." आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे अपील नसतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन व्यवस्थापकाशी बोलले. रील दोन दिवसांनी निघालं, पैसे काही परत आले नाहीत. पावतीमागे बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' असं छापलेलं होतं आणि ते वाचणं माझं काम होतं.

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. पाच ठिकाणी गेले आणि प्रत्येक ठिकाणी आधी एक पूर्ण तास बाकावर बसून नुसतं पाहिलं. जिथे पाहू देत नाहीत तिथून उठून आले. विचारायच्या गोष्टीही आता ठरल्या होत्या. एका कोर्टावर एका शिक्षकामागे किती जण? चार असतील तर उत्तम, सहा चालतील, त्याहून जास्त म्हणजे रांगेत उभं राहण्याचे पैसे. पैसे महिन्याचे की तीन महिन्यांचे? शिक्षक सुट्टीवर गेले तर तास बुडतो की पुढे मिळतो? फोटो-व्हिडिओ काढता का? काढत असाल तर आमच्या मुलीचा काढणार नाही, असं प्रवेश-अर्जावर लिहून सही करून द्या. हे ऐकून दोन ठिकाणी तोंडं वाकडी झाली. एका ठिकाणी मात्र "हो मॅडम, बरेच पालक सांगतात" असं सहज म्हणाले. तिथेच आम्ही गेलो.

प्रमाणपत्राबद्दलही विचारा. पीपीआर, म्हणजे प्रोफेशनल पिकलबॉल रजिस्ट्री, किंवा तशाच एखाद्या संस्थेचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आता आपल्याकडे आहेत. पण फक्त कागदावर जाऊ नका. बी.एड. झालेला प्रत्येक जण शिकवतोच असं नाही, हे मी स्वतः बी.एड. असल्यामुळे बिनधास्त सांगू शकते. टेनिस किंवा बॅडमिंटनमधून आलेले शिक्षक पुष्कळ आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त ते पिकलबॉल शिकवतात की आपलाच जुना खेळ लहान कोर्टावर शिकवतात, हे पाहायला हवं. ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या आठवड्यात जोरात मारायला शिकवलं तर समजावं की हे गृहस्थ अजून टेनिसमध्येच आहेत.

आमच्या मॅडम पंचविशीतल्या, कॉलेजात बॅडमिंटन खेळलेल्या. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला जाळीपासून सात फुटांवरच्या रेषेशी उभं केलं. या रेषेच्या आतल्या पट्ट्याला 'किचन' म्हणतात. तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. तो टप्पा पडल्यावरच आत जायचं, मारायचं आणि बाहेर यायचं. अर्धा तास आम्ही फक्त हलक्या हातानं चेंडू समोरच्या किचनमध्ये टाकत होतो, याला डिंक म्हणतात. आमच्या बॅचमध्ये सहा जणी, सगळ्या घरसंसारवाल्या, आणि मॅडम दर दोन मिनिटांनी ओरडत होत्या, "किचनमधून बाहेर या!" आमच्यातल्या एक खाला म्हणाल्या, "तीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं." त्यानंतर दहा मिनिटं खेळ झाला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती पडण्याची, म्हणजे न पडण्याची. डोक्यावरून चेंडू गेला की आपण त्याच्याकडे बघत उलट्या पावली पळतो आणि पाठीवर पडतो. पडताना हात टेकतो आणि मनगट जातं. चाळिशीनंतरच्या बायकांना हा धोका जास्त. मॅडमनी नियमच केला: आधी वळायचं, मग पळायचं, नाहीतर चेंडू सोडून द्यायचा. पहिल्या अकादमीत तीन आठवड्यांत हे कुणी बोललं नव्हतं.

कपड्यांचं सांगते, कारण शाळेत मैत्रिणी पहिलं तेच विचारतात. अबाया घालून खेळू नका. पाय अडकतो आणि वर सांगितलेली पडझड होते. सैल ट्रॅकपँट, गुडघ्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता किंवा टी-शर्ट आणि ताणणाऱ्या कापडाचा डोक्यावर घट्ट बसणारा स्कार्फ पुरतो. टाचणी नको. बूट बॅडमिंटनसारखे, बाजूला हलताना पाय धरून ठेवणारे हवेत. चालायचे मऊ, उंच तळव्याचे बूट इथे घोटा मुरगळतात. बॅट लगेच विकत घेऊ नका. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला वापरायला मिळते, आणि महिनाभर वेगवेगळ्या बॅटी हाताळल्याशिवाय आपल्याला जड हवी की हलकी हे कळतच नाही. मी घाईनं घेतलेली बॅट आता धाकटा माशा मारायला वापरतो.

आमची फी महिन्याला अडीच हजार पडते. ही रक्कम सगळ्यांना झेपणारी नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या घरी तर मुळीच नाही. पण पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतं आणि बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्टही नेमकं तेवढंच. म्हणजे जिथे बॅडमिंटनची जागा आखलेली आहे तिथे अर्धं काम झालेलं असतं. जाळी कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंचांवर आणायची आणि जाळीपासून दोन्ही बाजूंना सात फुटांवर टेपनं रेषा मारायची. बॅडमिंटनची पुढची रेषा साडेसहा फुटांवर असते, तीच किचनची समजू नका. आम्ही सुरुवातीला समजलो होतो.

मुख्याध्यापिका बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "चेंडूनं काचा फुटतात का?" मी म्हटलं, नाही, पण आवाज होतो. टक टक असा तो आवाज कठीणच आहे आणि शहरात त्यावरून शेजारी भांडतात. म्हणून वेळ शाळा सुटल्यानंतरची ठरली. चार बॅटी, डझनभर चेंडू, एक टेपचं रीळ. मॅडम महिन्यातून एका शनिवारी येतात, बाकीचे शनिवार मी आणि लेक शिकवतो.

माझी सर्वात मोठी अडचण अजून सुटलेली नाही. दुहेरीत सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे मोठ्यानं म्हणायचे असतात, आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपल्या जोडीतला पहिला सर्व्हर की दुसरा. खेळ सुरूच होतो 'शून्य-शून्य-दोन' असा. वीस वर्षं हजेरी घेणारी मी दर वेळी तिसरा आकडा विसरते. गेल्या शनिवारी दादी शाळेत आल्या होत्या, भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. डाव अकराचा, दोन गुणांच्या फरकानं जिंकायचा, एवढं त्यांनी नातीकडून समजून घेतलं होतं. मी सर्व्हिसला उभी राहिले, दोन आकडे म्हटले आणि थांबले. भिंतीकडून आवाज आला, "दोन! दोन आहे, सूनबाई. मार आता."