मुलीची पहिली प्रसाधने घेताना

शाळेचे स्नेहसंमेलन किंवा नात्यातील लग्न जवळ आले की बारा-तेरा वर्षांच्या मुली आईकडे काजळ, लिपस्टिक मागू लागतात. गोदाकाठच्या सायखेड्यात काय किंवा शेजारच्या चांदोरीत काय, ही खरेदी बहुधा आठवडे बाजारात नाहीतर कटलरीच्या दुकानात होते. मुलीने नटावे की नटू नये, या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. स्वस्त वस्तू वाईटच असते, असेही आम्ही म्हणत नाही. मात्र कोणती वस्तू घरात येऊ द्यावी आणि कोणती नाही, हे पालकांस ठाऊक असलेच पाहिजे.

२०२३च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. पार्लरमधून आणलेली गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळातील कोट्टक्कल येथेही २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार दिसला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही आठवड्यांत उजळ भासतो. परंतु तोच पारा त्वचेवाटे रक्तात उतरतो व मूत्रपिंडात साठतो. क्रीम बंद केली की रंग पूर्ववत होतो. मूत्रपिंडाचे तसे होईलच असे नाही. भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारादेखील दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. काही क्रीममध्ये स्टेरॉईड असते. ते तर औषध आहे, प्रसाधन नव्हे. म्हणून मुलीच्या पहिल्या डब्यात गोरेपणाची क्रीम नकोच, मग ती कितीही नामांकित असो, असे आमचे स्पष्ट मत आहे. सावळा रंग हा काही आजार नाही की त्यावर उपाय करावा.

मग घ्यावे काय? ओठांसाठी साधे व्हॅसलीन, फिकट रंगाची एक लिपस्टिक, एक काजळ आणि हे सारे पुसण्यासाठी घरचे खोबरेल तेल. एवढ्यावर सुरुवातीस सहज भागते. रंगांची मोठी पेटी दिसायला आकर्षक असते. पण तीत दहा वस्तू असतात व बहुतेक वाळून जातात. त्याच पैशांत दोन चांगल्या वस्तू येतात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत हे चार तपशील असावेत. माल परदेशी असल्यास आयात नोंदणीचा क्रमांक पाहावा. यांतील काहीच नसेल, तर भाव कितीही कमी असला तरी वस्तू परत ठेवावी.

काजळाविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. काजळ आणि सुरमा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पारंपरिक सुरमा हा बहुधा शिशाच्या खनिजाचा असतो, आणि शिसे वाढत्या वयाच्या मेंदूस घातक आहे. सुटा, लेबल नसलेला सुरमा अथवा काजळ मुलीच्या डोळ्यांत घालू नये. मैत्रिणींनी एकच काजळपेन्सिल फिरवणेही थांबवावे; डोळे येण्याची साथ अशीच पसरते.

लग्नात काढतात त्या मेंदीचेही तसेच. खरी मेंदी आधी नारिंगी दिसते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होते. तासाभरात काळीभोर होणाऱ्या कोनात बहुधा केस रंगविण्याचे रसायन असते. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा रंगही सोसत नाही.

कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडीशी लावून दोन दिवस वाट पाहावी. तेव्हा खरेदी समारंभाच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, आठवडाभर आधी करावी. खाज किंवा पुरळ उठल्यास वस्तू टाकून न देता वेष्टन व पावतीसह जपून ठेवावी. डॉक्टरांना ती दाखविता येते, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावयाची झाल्यास तोच पुरावा ठरतो.