नकाशातली फट



वाफ्याच्या वरंब्याला घुशीनं भोक पाडलं तर काय होतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. कितीही पाणी सोडा, वाफा भरत नाही. संगणकावर नकाशे काढायची ऑटोकॅडसारखी जी साधनं आहेत, त्यांतही हाच प्रकार घडतो. गटाची हद्द चारी बाजूंनी काढून झाली, आत रंग भरायला सांगितला, की संगणक नकार देतो. डोळ्यांना आकृती बंद दिसते. पण कुठल्या तरी कोपऱ्यावर दोन रेघांची टोकं एकमेकांना मिळालेली नसतात. संगणकाच्या लेखी तो वाफा फुटकाच.

जुने कागदी नकाशे आता संगणकावर येत आहेत, म्हणून ही गोष्ट शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यालाही समजून घ्यायला हवी. आपल्याकडची मोजणी जुनी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० नंतरच्या दशकात शेजारच्या इंदापूर तालुक्यात जी मोजणी हाती घेतली, तिचीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. (शिक्षकांनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावं.) साखळीला झोल पडे, कागद दमट हवेनं फुगे, घडीवर फाटे. त्यावरून रेघा गिरवणाऱ्याचा हात किंचित हलला, की फट पडलीच.

ती शोधायची कशी? नवी साधनं न जुळलेल्या टोकांवर लाल वर्तुळ दाखवतात. तसं न दिसलं तर आकृतीचे दोन भाग करावेत आणि एकेकात रंग भरून पाहावा. जो भाग भरत नाही त्याचे पुन्हा दोन. चारपाच खेपांत कोपरा सापडतो. मग तो मोठा करून बघावा. रेघ अपुरी असेल तर वाढवावी, पुढे गेली असेल तर छाटावी, आणि टोकाला टोक डोळ्यांनी न लावता साधनाच्या टोक-पकडीनं लावावं. कधी वरून पाहता टोकं जुळलेली असतात, पण एका रेघेची उंची शून्य आणि दुसरीची दहा अशी नोंद असते. एक रेघ जमिनीवर, दुसरी माळ्यावर! नवशिका यात हमखास फसतो.

इथवर काम सोपं आहे. खरी अडचण पुढे आहे. संगणकाला असंही सांगता येतं की, अमुक अंतरापर्यंतची फट तूच जुळवून घे. आमच्या एका विद्यार्थ्यानं दौंड तालुक्यातल्या आपल्या भीमाकाठच्या गावाचा नकाशा असाच जुळवला. अंतर दिलं सहा मीटर. सगळे गट रंगले, पोरगा खूश. सुट्टीत त्याचे वडील तो नकाशा पाहत होते. ते म्हणाले, "समदं बेस हाय, पण आमची गाडीवाट कुठं गेली?"

वाट साडेसोळा फुटांची होती, म्हणजे अर्धी साखळी, सुमारे पाच मीटर. दोन्ही कडांच्या रेघा सहा मीटरांच्या आत होत्या. यंत्रानं त्या एक करून टाकल्या. एका इंचाला ६६० फूट या प्रमाणाच्या नकाशात ही वाट इंचाचा चाळिसावा भाग भरते. कागदावर ती पेन्सिलीच्या रेघेएवढी, पण उसाची गाडी तिच्यावरूनच निघते.

ते अंतर आम्ही रद्द केलं आणि एकेक कोपरा हातानं तपासला. सोळा ठिकाणी नुसती गिरवणाऱ्याची चूक निघाली. ती तिथल्या तिथे मिटली. नदीकडची मोठी फट मात्र फट नव्हतीच. दौंडच्या नकाशात अलीकडचा काठ आणि शिरूरच्या नकाशात पलीकडचा काठ, मधली मोकळी जागा म्हणजे भीमेचं पात्र. ती मिटवली असती तर नदी कोणाच्या तरी सातबाऱ्यात गेली असती.

राहिला एक कोपरा. तिथे मूळ कागदच घडीवर फाटलेला. दोन्ही रेघा सरळ वाढवल्या तर मिळत होत्या, पण बांध तिथे सरळ आहे कशावरून? भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या टिपणाची नक्कल आणली. त्यात त्या कोपऱ्याआधी आणखी एक वळण होतं. वडील म्हणाले, बाभळीखाली हद्दीचा दगड आहे. टेप घेऊन गेलो. दगड मातीत निम्मा गाडलेला, पण जागेवर होता. टिपणातलं माप आणि टेपचं माप यांत हातभराचाच फरक आला. तो बिंदू धरून रेघ वळवली, तेव्हा गट बंद झाला.

अर्थात आमची ही मोजणी अभ्यासापुरती. हद्दीचा वाद असेल तर रीतसर अर्ज करून भूकरमापकाकडूनच मोजणी करून घ्यावी लागते.

संगणकानं त्या गटाचं क्षेत्र सांगितलं ते सातबाऱ्यापेक्षा दोन आरांनी कमी. तो फरक आम्ही नकाशाच्या कडेला लिहून ठेवला आहे. शेजारच्या गटाचं टिपण मिळालं, की पुढचा कोपरा तपासायचा आहे.