कणा वळला म्हणून खेळ का थांबवायचा?

ईदचा कुर्ता शिवायला टाकला की शिवणारी बाई कधी कधी सांगते, "हिचा एक खांदा वर आहे, कुर्त्याचा घेर एका बाजूने खाली उतरतोय." 'ती नीट उभीच राहत नाही' असे म्हणून घरातली मंडळी विषय संपवतात. अकरा ते चौदा वर्षांच्या मुली आपली आंघोळ, आपले कपडे स्वतः पाहतात. वरून सैल कुर्ता आणि ओढणी. त्यामुळे पाठीचा कणा बाजूला वळत चालला आहे, हे महिनोन् महिने अम्मीच्याही लक्षात येत नाही. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात.

घरी तपासणे अवघड नाही. मुलाला किंवा मुलीला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, रुकूत वाकतात तसे पुढे वाकायला सांगा. हात मात्र गुडघ्यांवर न ठेवता तळवे जोडून खाली सोडायचे. आता मागून पाठ पाहा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर दुसरीपेक्षा उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. ते एक्स-रे काढून वळणाचा कोन मोजतात. कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. किशोरवयातील शंभरात दोन-तीन मुलांमध्ये तो १० अंश किंवा अधिक असतो. त्यांतल्या बहुतेकांना फक्त ठरावीक महिन्यांनी तपासणी लागते. मुलींमध्ये मात्र वळण वाढत जाण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त, आणि तोही उंची झपाट्याने वाढते त्याच काळात.

दहापैकी आठ जणांमध्ये या वळणाचे कारण सापडत नाही. जड दप्तर, वाकून अभ्यास करणे, कुशीवर झोपणे यांमुळे हे होत नसते. तेव्हा 'तुला किती वेळा सांगितलं ताठ बस' हे वाक्य आता तरी बंद करावे.

निदान झाले की पहिली कात्री लागते ती खेळाला. डॉक्टरांनी खेळू नको म्हटलेले नसते; दादी घाबरते, अब्बू म्हणतात, "आधी पाठ बरी होऊ दे", शाळेतले पी.टी.चे सर जबाबदारी नको म्हणून बाकावर बसवतात. मुलगी असेल तर 'उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील' ही भीती असतेच. आधीच आपल्या मुलींच्या वाट्याला मैदान कमी येते, तेही असे हातचे जाते. माझ्या मते कण्याच्या वीस अंशांनी होत नाही तेवढे नुकसान या घरबसलेपणाने होते. कारण न सापडणाऱ्या, नेहमीच्या स्कोलिओसिसमध्ये खेळल्याने वळण वाढते असे दिसून आलेले नाही. उलट पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट होतात, दम वाढतो, हाडे मजबूत राहतात.

२००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणाऱ्या उसेन बोल्टचा कणा असाच वळलेला आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापतींनी त्याला छळले, म्हणून पाठ-पोटाचे व्यायाम त्याने कायमचे सराव म्हणून लावून घेतले. अमेरिकेचा टेनिसपटू जेम्स ब्लेक याला तेराव्या वर्षी स्कोलिओसिस असल्याचे कळले. दिवसाचे १८ तास तो ब्रेस घालायचा, उरलेल्या वेळात टेनिस खेळायचा. पुढे तो जगात चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

ब्लेकचा हा तासांचा हिशोब प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. वाढत्या वयात कोन साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असला तर डॉक्टर ब्रेस, म्हणजे धड आवळून धरणारे प्लास्टिकचे कवच देतात. २०१३ मध्ये अमेरिका व कॅनडातील मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे ज्या ५० अंशांपाशी होतो, तिथवर वळण न पोहोचलेली मुले ब्रेस वापरणाऱ्यांत शंभरात ७२ निघाली, न वापरणाऱ्यांत ४८. ज्यांनी रोज सुमारे तेरा तास किंवा जास्त घातला, त्यांच्यात हा आकडा नव्वदच्या पुढे गेला. सारा खेळ तासांचा आहे.

म्हणून डॉक्टरांनी १८ तास सांगितले असतील तर उरलेले सहा तास घरात बसून मोजा. आंघोळीला अर्धा तास, फिजिओथेरपीच्या व्यायामाला अर्धा तास, असरपासून मगरिबपर्यंत खेळ. तरीही तीनेक तास शिल्लक राहतात. खेळताना ब्रेस बहुधा काढूनच ठेवतात. कबड्डीत तर तो काढलाच पाहिजे, कारण ते कडक प्लास्टिक समोरच्या मुलाच्या बरगडीत घुसेल. खेळून आल्यावर अंग पुसून, कोरडी, शिवण टोचणार नाही अशी सुती बनियन घालून लगेच ब्रेस चढवायचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मूल टाळाटाळ करणारच. तिथे पंखा त्याच्याकडे वळवावा, आवाज चढवू नये. कातडी लाल होऊन अर्ध्या तासातही ओसरली नाही, तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवावे.

कोणता खेळ? पोहणे उत्तम, पण त्याने कणा सरळ होतो ही समजूत खरी नाही. धावणे, सायकल, फुटबॉल, खो-खो चालतात. बॅडमिंटन व क्रिकेटमध्ये एकच हात जास्त चालतो, म्हणून दोन्ही बाजूंचे व्यायाम जोडीला हवेत. वेगवान गोलंदाजीत कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका कोणत्याही वाढत्या मुलाला असतो. षटके मोजून टाकू द्या. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, जड वजने उचलणे यांत कणा खूप मागे वाकतो किंवा दबतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. कुस्ती आणि कबड्डीचेही तसेच.

मणक्याची रचनाच जन्मतः वेगळी असेल किंवा स्नायूंचा आजार असेल, तर वरचे सगळे लागू होत नाही. उंच, सडपातळ, लांब बोटांच्या मुलात मारफान नावाच्या आजाराची शंका असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय जोराचा खेळ नको. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, यांतले काहीही दिसले तर खेळ त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठावा. आणि हाडवैद्याकडून कणा 'बसवून' घेऊ नये. मालिशने बरे वाटते, कोन कमी होत नाही. त्या फेऱ्यांत वाढीचे मोलाचे महिने मात्र निघून जातात.

शस्त्रक्रियेत मणके सळ्या-स्क्रूंनी जोडतात. नंतर काही दिवसांत चालणे आणि काही महिन्यांत हलके खेळ सुरू होतात. धक्काबुक्कीच्या खेळांना वर्षही लागू शकते, काहींना ते कायमचे वर्ज्य सांगतात. तो निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचाच.

शाळा सुरू होताना पी.टी.च्या सरांना किंवा मॅडमना डॉक्टरांची छोटी चिठ्ठी द्या: काय खेळता येईल, काय नको, ब्रेस कधी काढायचा, कोणत्या तक्रारीवर थांबवायचे. चिठ्ठी नसली की सर बाकावर बसवतात, असली की खेळवतात. ब्रेस काढायला-घालायला मुलींसाठी बंद खोली मिळेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. वर्गातल्या मैत्रिणींना सांगायचे की नाही, ते तिलाच ठरवू द्या.