चीनसाठी बांधलेली क्रूझ जहाजं अमेरिकेला का गेली? मुंबईच्या क्रूझवर नोकरीला निघण्याआधी हे समजून घ्या

इंझोरी (ता. मानोरा) : इंझोरीपासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तरी 'क्रूझवर नोकरी, राहणं-खाणं फुकट, पगार डॉलरमध्ये' अशा जाहिराती आता गावखेड्यातल्या मोबाइलवरही येतात. बारावी झालेली, हॉटेल मॅनेजमेंट केलेली किंवा पुण्या-मुंबईत हॉटेलात काम करणारी पोरं त्यावर विचारपूस करतात. काही घरांत त्यासाठी कर्ज काढायची गोष्टही निघते.

क्रूझची नोकरी खोटी नसते. हजारो भारतीय हे काम करून घर चालवतात. पण हा धंदा कसा चालतो, जहाज एका देशात का येतं आणि तिथून का निघून जातं, हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी चीनचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

क्रूझ म्हणजे चालतं-फिरतं हॉटेल

क्रूझ म्हणजे समुद्रावर तरंगणारं मोठं हॉटेल. खोल्या, जेवणाचे हॉल, पोहण्याचा तलाव, नाटक-सिनेमा, दुकानं असं सगळं एकाच जहाजावर असतं. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार प्रवासी आणि हजाराहून जास्त कर्मचारी राहतात. असं एक जहाज बांधायला हजारो कोटी रुपये लागतात.

गावातलं हॉटेल चाललं नाही तर मालकाला ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जहाजाचं तसं नाही. आपल्याकडे हंगामात पंजाब-हरियाणाचे हार्वेस्टर येतात. कुठं पीक उभं आहे, एकरी भाव काय मिळतो, मशीन किती दिवस चालेल, एवढंच मालक बघतो. काम संपलं की हार्वेस्टर ट्रेलरवर चढवून पुढच्या राज्यात जातो, कारण उभं मशीन मालकालाच खातं. क्रूझ कंपन्यांचाही हिशोब असाच असतो. उन्हाळ्यात अलास्का किंवा युरोप, हिवाळ्यात गरम हवेचे देश. जिथं तिकिटाला जास्त पैसा मिळतो, तिथं जहाज जातं.

चीनमध्ये काय झालं?

२००६ मध्ये कोस्टा या इटालियन कंपनीनं चीनमधून क्रूझ सुरू केली. सुरुवातीला तिथं जुनी, लहान जहाजं जायची. पुढं चिनी मध्यमवर्गाच्या हातात पैसा आला. शांघायहून चार-पाच दिवसांत जपान किंवा दक्षिण कोरिया फिरून यायची पद्धत पडली. थोड्याच वर्षांत चीन अमेरिकेच्या खालोखाल जगातला दुसरा मोठा क्रूझ बाजार झाला.

मग कंपन्यांची स्पर्धा लागली. रॉयल कॅरिबियननं २०१५ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज' हे अगदी नवं जहाज शांघायला नेलं. २०१७ मध्ये 'नॉर्वेजियन जॉय' आलं. सुमारे ३,८०० प्रवाशांचं हे जहाज खास चिनी ग्राहकांसाठी बांधलेलं होतं. चिनी जेवण, चहाच्या खोल्या, खरेदीची दुकानं, मोठा कॅसिनो असं सगळं तिथल्या आवडीनुसार केलं होतं. कोस्टानंही 'व्हेनेझिया' आणि 'फिरेंझे' ही दोन जहाजं चीन डोळ्यासमोर ठेवून बांधायला दिली.

तिथूनच गणित बिघडत गेलं. चीनमध्ये क्रूझची बहुतेक तिकिटं ट्रॅव्हल एजंट घाऊक विकत घ्यायचे. जहाजं वाढली तसा माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी स्थिती झाली. खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून एजंट पडत्या भावात तिकिटं काढू लागले. एकदम आवक वाढल्यावर बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडतो, तसाच हा प्रकार.

त्यात राजकारण आडवं आलं. दक्षिण कोरियानं अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायला परवानगी दिली म्हणून चीन नाराज झाला. मार्च २०१७ पासून चिनी पर्यटकांच्या कोरियातल्या सहली थांबल्या. क्रूझच्या वेळापत्रकातून कोरियाची बंदरं गळाली आणि फिरायला जवळपास जपानच उरला.

'नॉर्वेजियन जॉय' दोन वर्षंही चीनमध्ये टिकलं नाही. २०१९ मध्ये कंपनीनं त्यात पुन्हा बदल करून ते अलास्काला लावलं. २०२० मध्ये कोरोना आला आणि चीनमधल्या क्रूझ पूर्ण बंद पडल्या. 'फिरेंझे' त्याच वर्षाच्या शेवटी बांधून तयार झालं, पण ज्या बाजारासाठी बांधलं तो बाजारच बंद होता. आज 'व्हेनेझिया' आणि 'फिरेंझे' ही दोन्ही जहाजं 'कार्निव्हल' या नावाखाली अमेरिकन प्रवाशांना फिरवतात.

बाजार पुन्हा उघडला तोवर चीननं स्वतःचं मोठं जहाज बांधलं होतं. शांघायमध्ये बांधलेलं 'अडोरा मॅजिक सिटी' १ जानेवारी २०२४ ला पहिल्या व्यावसायिक सफरीवर निघालं. रॉयल कॅरिबियनचं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' २०२४ मध्ये शांघायला परत आलं. म्हणजे गेलेली जहाजं परतही येतात, पण हिशोब जमला तरच.

मुंबईत आता काय चाललंय?

चीनमधली एक गोष्ट थेट मुंबईशी जोडलेली आहे. 'कोस्टा सेरेना' हे जहाज २०१५ पासून चीनमधून चालायचं. तेच जहाज नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत आलं आणि मुंबई, कोची, लक्षद्वीप अशा सफरी त्यानं केल्या. हंगाम संपल्यावर ते निघून गेलं.

त्याआधी २०१९ मध्ये 'जलेश' कंपनीचं 'कर्णिका' मुंबईहून सुरू झालं होतं. कोरोनात कंपनीच बंद पडली आणि २०२० मध्ये ते जहाज गुजरातच्या अलंगला तोडायला गेलं. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा मार्गांवर चालतं. हे जहाज १९९० चं आहे. याच कंपनीनं 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही आणखी दोन जहाजं भाड्यानं घेण्याचा करार केल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. ती अनुक्रमे १९९९ आणि २००१ मध्ये बांधलेली आहेत.

सरकारनंही यात लक्ष घातलं आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं त्याचं उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळता येतील एवढी त्याची क्षमता आहे.

म्हणजे काम वाढायची शक्यता खरी आहे. पण चीनला मिळाली तशी कोरी जहाजं भारताच्या वाट्याला अजून आलेली नाहीत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळतो, त्यामुळे मुंबईतला मुख्य हंगाम पावसाळा सोडूनच असतो. विदेशी जहाजं हिवाळ्यात येतात आणि जातात. बाजार बदलला की नोकरीची जागाही बदलते, हे लक्षात ठेवूनच पुढचा विचार केलेला बरा.

काम कसं असतं?

जहाजावर स्वयंपाकघर, भांडी-सफाई, खोल्यांची व्यवस्था, वाढपी, लाँड्री अशी बरीच कामं असतात. चांगल्या जागेसाठी हॉटेलातला अनुभव आणि बोलण्यापुरतं इंग्रजी लागतं. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो. रोज दहा तास किंवा जास्त काम असतं आणि आठवड्याची सुट्टी बहुधा नसते. करार संपल्यावर घरी असताना बहुतेकांना पगार मिळत नाही. म्हणून महिन्याचा पगार बारानं गुणून वर्षाचा हिशोब मांडू नये.

संकटात काय होतं, ते कोरोनात दिसलं. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात येऊनही परवानगी मिळेपर्यंत कित्येक दिवस जहाजावरच थांबून होते.

कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २००६ चा सागरी कामगार करार भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. लेखी करार हातात मिळाला पाहिजे. करार संपल्यावर घरी आणण्याचा खर्च जहाज कंपनीनं करायचा असतो.

पैसे देण्याआधी हे तपासा

१. एजंटकडे आरपीएसएल परवाना आहे का, ते बघा. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटला हा परवाना केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडून घ्यावा लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर आहे. कंपनीचं नाव, क्रमांक आणि परवाना चालू आहे की रद्द, तिन्ही जुळवा. कार्यालयात लावलेल्या फोटोकॉपीवर विसंबू नका.

२. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला एजंटला मनाई आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी आणि प्रशिक्षणाचा खर्च मात्र उमेदवाराला करावा लागू शकतो. 'सीट बुक करायला दोन लाख भरा' असं कुणी म्हटलं, तर तिथूनच परत फिरा.

३. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळख आणि नोंदीचं पुस्तक. ते सरकार देतं. त्यासाठी जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार असे छोटे कोर्स करावे लागतात. संस्था महासंचालनालयाची मान्यता असलेलीच हवी. मान्यता नसलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र जहाजावर कामाला येत नाही.

४. करारात जहाजाचं नाव, पद, पगार, किती महिने आणि परतीचा खर्च लिहिलेला आहे का, ते वाचा. इंग्रजी कळत नसेल तर गावातल्या शिक्षकाकडून किंवा वकिलाकडून वाचून घ्या, मगच सही करा.

५. पैसे द्यायचेच असतील तर रोख देऊ नका. बँकेतून द्या, पावती घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी डिलीट करू नका, तक्रारीत तीच पुरावा ठरतात.

आधी फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. एजंटविरुद्ध पोलीस ठाण्यात आणि नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. परवाना तपासायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात. शेत गहाण टाकायला निघालेल्या घरानं तेवढं आधी करावं.