टार्गेट पूर्ण, गल्ला मात्र हलका

एस्पो, फिनलंड

दर रविवारी सकाळी माझा कराडला व्हिडिओ कॉल असतो. हिवाळ्यात आमच्याकडे दहा वाजलेले असतात, बाहेर नुकतंच उजाडलेलं असतं आणि तिकडे दीड वाजलेला, म्हणजे जेवणं आटोपून सगळे निवांत बसलेले. माझ्या धाकट्या चुलतभावाचं तिथे मोबाईलचं दुकान आहे. गेल्या महिन्यात कॉल लागला तर स्क्रीनवर आधी तो दिसलाच नाही, दिसली एक चकचकीत ट्रॉफी. "दादा, तालुक्यात नंबर वन! कंपनीनं बँकॉकची ट्रिप पण दिलीय."

आनंद झाला. अभिनंदन केलं. मग सवयीप्रमाणे विचारलं, "आणि राहिले किती?"

तो जरा थांबला. म्हणाला, "ते विचारू नको."

हळूहळू हिशेब बाहेर आला. वीस हजारांचा एक फोन विकला की हातात कसेबसे सात-आठशे येतात. गिऱ्हाईक ऑनलाइनची किंमत दाखवतं, म्हणून त्यातलेही दोन-तीनशे सोडावे लागतात. महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं तर कंपनीची स्कीम मिळते, म्हणून शेवटच्या आठवड्यात जवळजवळ खरेदीच्या भावात फोन काढावे लागतात. मग दुकान चालतं कशावर? तीस रुपयांना आणलेली टेम्पर्ड ग्लास दीडशेला लावून देण्यावर, कव्हरवर आणि मागच्या टेबलावर बसून केलेल्या रिपेअरिंगवर.

आता त्याच कंपनीनं त्याच्यापुढे नवा प्रस्ताव ठेवला होता. दुकान फक्त आमच्याच ब्रँडचं करा, बोर्ड आणि फर्निचर आम्ही देतो, टार्गेट मात्र दुप्पट. त्यासाठी माल भरायला पंधरा लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं आणि काका राहतं घर तारण ठेवायला तयार झाले होते. भावाचं म्हणणं सरळ होतं. "दादा, एकदा मार्केट शेअर हातात आला की नफा मागून येतोच. तू एवढा कॉम्प्युटर इंजिनिअर, तूच सांग."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण ज्या गावात मी राहतो, तिथे हेच वाक्य एका कंपनीला फार महाग पडलं होतं.

एस्पो हे हेलसिंकीला लागून असलेलं शहर. नोकियाचं घर. आपल्याकडे नोकिया म्हटलं की आठवतो तो ११००, वर टॉर्च असलेला. २००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. लाइट गेली की आमच्या घरी मेणबत्तीच्या आधी तोच शोधला जायचा. १९९८ मध्ये नोकियानं मोटोरोलाला मागे टाकलं आणि पुढची १४ वर्षं जगातली सगळ्यात मोठी मोबाईल कंपनी हे बिरूद सोडलं नाही. २००७ साली कंपनीची विक्री होती सुमारे ५१ अब्ज युरो आणि कामकाजातला नफा जवळपास ८ अब्ज युरो. म्हणजे तेव्हा बाजारातला हिस्साही होता आणि नफाही होता. त्याच वर्षी आयफोन आला.

आता पुढचे आकडे जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते सगळी गोष्ट यातच आहे.

२००९ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत नोकियानं १० कोटी ८५ लाख फोन विकले. ॲपलनं विकले फक्त ७४ लाख. म्हणजे एका आयफोनमागे नोकियाचे चौदा-पंधरा फोन. पण स्ट्रॅटेजी अॅनालिटिक्स या संस्थेनं त्या तिमाहीतला हँडसेटवरचा नफा मांडला तेव्हा चित्र उलटं निघालं. ॲपलचा सुमारे १.६ अब्ज डॉलर, नोकियाचा सुमारे १.१ अब्ज डॉलर. जगातला दर तिसरा फोन विकणारी कंपनी नफ्यात मागे पडली होती.

तरीही ट्रॉफी नोकियाकडेच होती. स्मार्टफोनच्या संख्येत ॲपलनं नोकियाला गाठलं ते २०११ च्या मध्यावर. एकूण फोनच्या संख्येत सॅमसंग पुढे गेलं ते २०१२ च्या सुरुवातीला. म्हणजे जे नफ्यात २००९ साली दिसलं, ते मार्केट शेअरमध्ये दिसायला आणखी दोन-अडीच वर्षं गेली. तोपर्यंत नवे सीईओ स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना 'आपण जळत्या फलाटावर उभे आहोत' अशा अर्थाचं ते गाजलेलं पत्र लिहिलं होतं आणि फोनसाठी मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली घ्यायचं ठरलं होतं. २०१३ मध्ये फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला ५.४४ अब्ज युरोंना विकायचा करार झाला, २०१४ मध्ये तो पूर्ण झाला आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. नोकिया ही कंपनी आजही आहे, इथे एस्पोमध्येच आहे, पण ती नेटवर्कची यंत्रणा बनवते.

असं का होतं? फोन विकणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. किती लोकांनी घेतला ही एक, आणि घेताना किती आनंदानं पैसे मोजले ही दुसरी. हिस्सा टिकवायचा असेल तर किंमत कमी करता येते, दुकानदाराला स्कीम देता येते, जाहिरात वाढवता येते. आकडा काही काळ वरच राहतो. पण 'या फोनला मी दोन पैसे जास्त देईन' असं गिऱ्हाईक म्हणेनासं झालं की ते आधी नफ्यात उमटतं. ताप आधी थर्मामीटरला कळतो, शेजाऱ्यांना नंतर. मार्केट शेअर म्हणजे हे शेजारी.

माझा एक वयानं मोठा सहकारी नोकियात अनेक वर्षं होता. मागच्या वर्षी आम्ही दोघं कामासाठी रेल्वेनं तुर्कूला निघालो होतो. वाटेत सालो नावाचं स्टेशन लागतं. इथे नोकियाचा मोठा कारखाना होता. २०१२ मध्ये तो बंद करायचा निर्णय झाला आणि या लहानशा गावात बेकारीची लाट आली. फिनलंडमध्ये कंपन्यांच्या नफ्यावर जो कर बसतो, त्यातला वाटा नगरपालिकेला मिळतो. त्यामुळे नफा आटला की गावाची तिजोरीही आटते. शाळा, ग्रंथालयं यांचा पैसा त्यातूनच येतो. सहकारी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आम्ही रोज किती फोन बाहेर पडले ते मोजायचो. गावाचं पोट त्यातून उरलेल्या पैशावर आहे, हे कुणी बोलायचं नाही." फिनिश माणसं मुळात कमी बोलतात. एवढं बोलून तो तुर्कू येईपर्यंत गप्प बसला. कारखान्याच्या त्या आवारात आता लहान-मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचं संकुल आहे. गाव उभं राहतंय, पण आस्ते आस्ते.

मग मार्केट शेअरला काहीच किंमत नाही का? तसंही नाही, आणि हे मी माझ्या पहिल्या नोकरीत शिकलो. पुण्यात होतो. आमची कंपनी एकाच ॲपच्या तीन आवृत्त्या बनवायची, आयफोन, अँड्रॉइड आणि विंडोज फोन. विंडोजची आवृत्ती माझ्याकडे होती. फोन चांगला होता, कॅमेरा उत्तम होता, काम करायला मजा यायची. पण विंडोज फोनचा जगातला हिस्सा चार टक्क्यांच्या आतच घुटमळत राहिला. वापरणारे मूठभर आणि खर्च इतर दोघांइतकाच. एके दिवशी आमच्या मॅनेजरनं ती आवृत्ती बंद केली. जगभरातल्या हजारो कंपन्यांनी तेच केलं. ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाहीत. त्या भोवऱ्यातून विंडोज फोन बाहेर आलाच नाही. म्हणजे दखल घेतली जाईल इतका हिस्सा लागतोच. मोठ्या संख्येनं सुटे भाग घेतले की स्वस्त पडतात, सॉफ्टवेअरचा खर्च जास्त फोनांवर वाटला जातो, गावोगाव सर्व्हिस सेंटर परवडतं.

पण त्या पातळीच्या वर गेल्यावर आणखी चार टक्के मिळवण्यासाठी नफा जाळायचा का, हा खरा प्रश्न आहे. २०२१ च्या एप्रिल ते जून तिमाहीचं काउंटरपॉइंट या संस्थेचं गणित बघा. जगात विकल्या गेलेल्या हँडसेटपैकी ॲपलचे होते फक्त १३ टक्के. एकूण विक्रीच्या रकमेत त्यांचा वाटा ४० टक्के आणि नफ्यात तब्बल ७५ टक्के. उरलेले ८७ टक्के फोन बनवणाऱ्या सगळ्यांनी मिळून उरलेला पाव हिस्सा वाटून घेतला. त्यातल्या बहुतेकांची प्रणाली एकच, अँड्रॉइड. चिप क्वालकॉमची नाहीतर मीडियाटेकची, स्क्रीन दोन-चार ठिकाणांहून आलेली. सगळ्यांच्या ताटात एकच भाजी असेल तर भांडण दरावरच होणार.

शाओमीनं हे ओळखून वेगळा रस्ता धरला. हार्डवेअरवर आम्ही ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही, असं त्यांनी २०१८ मध्ये जाहीरच केलं. फोन जवळपास लागत मूल्यावर द्यायचा आणि त्यातल्या जाहिराती, इंटरनेट सेवा यांवर कमवायचं. माझ्या भावाची टेम्पर्ड ग्लास ती हीच! हे चालू शकतं, पण त्यासाठी ग्लास लावून घ्यायला गिऱ्हाईक परत आपल्याच दुकानात यायला हवं. ॲपलकडेही ही मागची खिडकी आहेच. आयफोनमध्ये गुगलचं सर्च आधीपासून ठेवण्यासाठी गुगलनं एकट्या २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. ही रक्कम नुसत्या डोक्यांच्या संख्येसाठी नाही, खिशात पैसे असलेल्या डोक्यांसाठी आहे.

ज्यांच्याकडे ना वरचा नफा ना मागची खिडकी, त्यांचं काय होतं? एलजीनं चांगले फोन बनवले, पण सलग सहा वर्षांच्या आसपास तोटा सोसून, सुमारे साडेचार अब्ज डॉलर घालवून २०२१ मध्ये मोबाईलचा धंदाच बंद केला. आपल्याकडचं उदाहरण मायक्रोमॅक्सचं. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसच्या आकड्यांनुसार भारतात मायक्रोमॅक्स २२ टक्क्यांवर आणि सॅमसंग २० टक्क्यांवर होतं. आपली कंपनी पहिली, म्हणून तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण त्यांचे फोन बरेचसे चीनमधून तयार होऊन यायचे. तेच चिनी कारखानदार आणि ब्रँड स्वतः भारतात उतरले, २०१६ मध्ये जिओमुळे सगळं गणित फोरजीवर गेलं आणि दोन-तीन वर्षांत तो पहिला नंबर कुठे गेला ते कळलं नाही. वाईट दिवसांत तग धरायला आणि नवं काही बनवायला शिल्लक लागते. ती नफ्यातूनच पडते.

हा प्रश्न फक्त कंपन्यांचा नाही, घेणाऱ्यांचाही आहे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला गावाकडून 'आईसाठी कोणता फोन घेऊ' हा फोन येतोच. मी हल्ली कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे बघत नाही, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते बघतो. कारण आईचं बँकेचं काम आता त्याच फोनवर चालतं. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. हे आश्वासन फुकट पाळता येत नाही. त्यासाठी विकून झालेल्या फोनवर वर्षानुवर्षं इंजिनिअर बसवावे लागतात आणि त्यांचे पगार नफ्यातून होतात.

हे सगळं मी पुढच्या दोन रविवारी भावाला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि रास्त प्रश्न विचारला. "तुझं बरोबर असेल दादा, पण मी नाही म्हटलं तर समोरचा दुकानदार हो म्हणेल. बोर्ड त्याच्या दुकानावर लागेल. मग?"

याला माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. मागे खाटेवर आडवे झालेले काका तेवढ्यात बोलले. आयुष्यभर ऊस लावलेला माणूस. म्हणाले, "चावडीवर जो तो एकरी किती टन निघाला ते सांगतो. खत, पाणी, तोडणी जाऊन हातात काय पडलं, ते कुणी सांगत नाही. एवढं टन काढून सोसायटी फेडता आली नाही, असे लोक बघितलेत मी."

भावानं शेवटी दुकान एका ब्रँडचं केलं नाही. घर तारण ठेवलं नाही. त्याऐवजी दोन लाखांत रिपेअरिंगचं टेबल वाढवलं आणि एक मुलगा हाताशी ठेवला. समोरच्या दुकानावर आता तो मोठा बोर्ड लागलाय, रात्री चौकभर त्याचा उजेड पडतो. यंदाची ट्रॉफी बहुतेक तिकडेच जाईल आणि त्याचं भावाला वाईट वाटतं, हे मला स्क्रीनवरूनही दिसतं. निर्णय बरोबर होता की नाही, हे कळायला दोन दिवाळ्या तरी जाव्या लागतील.

परवाच्या रविवारी मात्र कॉल लागला तेव्हा तो समोर वही घेऊन बसला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "दादा, या महिन्यात फोन कमी गेले. पण राहिले किती ते सांगू?"